फितीपुढची बोटं

माझी फीत साठ इंचांची.
दोंडाईच्यात झंपर, सदरे, शाळेचे गणवेश,
सगळ्यांना ती पुरून उरते.
बाजिंदीला पुरत नसे.
लोटनच्या काळी, वरातींच्या हंगामात,
फीत संपल्यावर पुढे माझी आठ बोटं लागायची
तिच्या छातीचा घेर पुरा व्हायला.

लोटन, माझा मेहुणा, सुरतेला गेला मागावर.
म्हणाला, पाहशील ना, म्हातारी आहे.
म्हटलं, पाहीन.
पाहणं म्हणजे काय, ते ठाऊक नव्हतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी फीत घातली
तर टोकाला टोक टेकलं.
पाठीचा कणा वर आलेला,
आतली शिवण बाहेरून दिसावी तसा.
रस्त्यावरून कुणीतरी ओरडलं,
"काय रे भो, घोडीले झंपर शिवस का?"

मी कडबा टाकला. आणखी टाकला.
ती खात होती, माझ्या डोळ्यांदेखत खात होती.
संध्याकाळी झाडायला वाकलो
तर दावणीखाली ओले बोळे,
चघळून, पिळून, टाकून दिलेले.
दिवसभर ती जेवली नव्हती,
जेवायचा प्रयत्न करत होती.

गोटू अण्णा म्हणाले, वय झालं,
सोडून दे तापीकाठी.
वळवी डॉक्टरीणबाईंनी तिच्या तोंडात
कोपरापर्यंत हात घातला.
"वय झालंय. पण भूक गेलेली नाही."
मग कानस चालली दाढांवर,
मला माझेच दात शिवशिवले.
एक दाढ हलत होती, ती हातातच आली,
माझ्या अंगठ्याहून लांब.
बटणांच्या डब्यात ठेवली आहे.

गव्हाचा कोंडा कोमट पाण्यात,
पुरणाहून सैल, पिठल्याहून घट्ट.
हरभरा रात्री भिजवून, सकाळी ठेचून.
जवस शिजवून, तार सुटेपर्यंत.
लसूणघास मी जुन्या कात्रीने बारीक कापली;
कलाबाईने ती कात्री पुन्हा दुकानात येऊ दिली नाही.
शेंगदाण्याचं तेल पहिल्या दिवशी चमचाभर,
वाटीवर यायला पंधरवडा.
घाई करू नका, डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
घोड्याला ओकता येत नाही.
आत गेलं ते त्याला सोसावंच लागतं.
हे मी फळीवर खडूने लिहून ठेवलं.
गिऱ्हाइकं वाचतात, काही विचारत नाहीत.

दिवसातून पाच वेळा, थोडं थोडं.
दुकान उघडण्याच्या वेळा तिच्या झाल्या.
"खाय वं माय," म्हणत मी घमेलं धरून उभा,
इकडे कुणाच्या तरी पोरीची साखरपुड्याची चोळी
हुकांवाचून पडलेली.

थंडीत झूल शिवली, गणवेशांच्या चिंध्यांची,
निळी, खाकी, पुन्हा निळी.
एका तुकड्याला खिसा राहून गेला.
पोरं येता-जाता त्यात गुळाचा खडा टाकतात,
आणि तिला, मान वळवून, तो सापडतो.

मार्गशीर्षात एक बोट. पौषात तीन.
गावाबाहेर मिरच्यांची पथारी लाल झाली,
सगळं दोंडाईचा शिंकत होतं,
तेव्हा पाच.
एका रात्री बँड गेला गल्लीतून.
तिने पुढचा पाय उचलला, हवेत धरला,
मला वाटलं आता नाचते.
पाय खाली ठेवून ती कोंड्याकडे वळली.

चैत्रात ऊन चढलं, एक बोट उतरलं.
लोटनचा फोन येतो रात्रपाळीआधी,
मागे मागांचा खडखडाट.
"किती?"
"चार."
"आठ होती रे."
"होती."
मग आम्ही दोघं गप्प, पैसे जात राहतात.

आता आठची आशा मी धरत नाही.
चार खाली येऊ नयेत, एवढ्यासाठी पहाटे उठतो.
फीत संपते तिथे बोटं टेकवतो,
एक, दोन, तीन, चार,
केसांखाली कोमट.
ती श्वास आत घेते तेव्हा पाचवं मावतं.
सोडते तेव्हा नाही.
वहीत मी चार लिहितो,
आणि बोटं थोडा वेळ तशीच राहू देतो.